द्राक्षवेलीचं गणगोत

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आज आपण द्राक्षाच्या नातेवाइकांविषयी बोलणार आहोत. द्राक्ष तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या भागांतल्या कितीतरी बायका द्राक्षबागेत विरळणीला जातात, घड डिपिंग करतात, बेदाणा निवडतात. पण या द्राक्षाला भाऊबंद आहेत का? असतील तर कोण? आणि ते कुठे राहतात?

चार नावं सांगते. पहिली हाडजोड, म्हणजे आपली कांडवेल. चौकोनी, हिरव्या कांड्यांची, कुंपणावर चढणारी. दुसरी आंबटवेल. पावसाळ्यात झुडपांवर पसरते, एका देठाला तीन-तीन पानं असतात आणि पुढे काळी, गोल, छोटी फळं लागतात. तिसरं रानद्राक्ष, डोंगराच्या उतारावर मोठ्या, रुंद पानांची वेल असते ते. आणि चौथा दिंडा. ठाणे, पालघर, रायगडकडच्या बायका पावसाच्या सुरुवातीला याचे कोवळे कोंब आणून भाजी करतात.

ही चारही द्राक्षाच्या गणगोतातली. आता तुम्ही म्हणाल, कुठे ते परदेशी जाणारं द्राक्ष आणि कुठे ही कुंपणावरची कांडवेल! यांचं नातं कुणी ठरवलं? कशावरून ठरवलं? तेच आज सांगायचं आहे. आणि हे नातं माहीत असणं आपल्या कामाचं का आहे, तेही सांगायचं आहे.

चेहऱ्यावरून ओळख

आधी लोक नातं कसं ओळखत? आपण माणसांचं ओळखतो तसंच, चेहऱ्यामोहऱ्यावरून. "ही अगदी आत्यावर गेली आहे," असं आपण म्हणतो ना, तसं.

द्राक्षाच्या कुळाच्या दोन खुणा तुम्ही स्वतः पाहू शकता. पहिली खूण ताण्याची. ताणा म्हणजे वेल ज्यानं आधाराला धरते तो दोरा. काकडीच्या किंवा कारल्याच्या वेलीवर ताणा पानाच्या देठाशेजारून निघतो. द्राक्षाचा ताणा मात्र पानाच्या बरोबर समोरच्या बाजूनं निघतो. एकाच पेरावर एका अंगाला पान, दुसऱ्या अंगाला ताणा. हाडजोडीवर बघा, आंबटवेलीवर बघा, तीच रीत दिसेल.

दुसरी खूण बीची. बी असलेलं द्राक्ष किंवा काळा मनुका खाल्ला, तर ती बी टाकू नका, धुऊन हातावर घ्या. एका अंगाला दोन उभ्या खाचा असतात. उलटी केली की पाठीवर एक छोटा गोल डाग दिसतो. खाचा आणि डाग, दोन्ही असलेली बी म्हणजे द्राक्षाच्या कुळाचा शिक्काच. ही खूण लक्षात ठेवा, पुढे ती आपल्याला फार मागच्या काळात घेऊन जाणार आहे.

पण चेहरा फसवतोही. दिंड्याला ताणाच नाही. तो वेल नाही, झुडूप आहे. मग तो या कुळात कसा? याच कारणामुळे पुष्कळ अभ्यासकांनी दिंड्याचं कूळ वेगळं धरलं होतं. उलट काही वेली दिसायला सारख्या, म्हणून एका नावाखाली घातलेल्या, आणि नंतर कळलं की त्यांचं नातं लांबचं आहे.

या गोंधळाचा परिणाम नावांवर झाला. आपल्यापैकी कितीजणींचं नाव रेशनकार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि बँकेच्या पासबुकात तिसरं असतं! वेलींचंही तसंच झालं. शास्त्राच्या भाषेत द्राक्षाच्या वंशाला व्हायटिस म्हणतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकांत आपली हाडजोडसुद्धा व्हायटिस, आंबटवेलही व्हायटिस आणि रानद्राक्षही व्हायटिस. पुढे हाडजोड सिसस झाली. आंबटवेल कायरेशिया झाली, आणि आता तिला कॉसोनिस म्हणतात. औषधी वनस्पतींच्या पुस्तकात एका वेलीची तीन नावं दिसली तर गोंधळू नका. वेल तीच आहे, तिच्या नात्याविषयीची समजूत बदलत गेली. ही समजूत बदलली ती बरीचशी डीएनएमुळे.

मसाल्याच्या वहीची गोष्ट

डीएनए म्हणजे काय? प्रत्येक जिवंत पेशीत एक मोठं लिखाण असतं. झाड कसं वाढेल, पान कसं होईल, फळ कसं धरेल, याचं सगळं लिखाण. ते चारच अक्षरांत लिहिलेलं असतं. ए, टी, जी आणि सी अशी त्या अक्षरांची नावं. द्राक्षाचं हे लिखाण २००७ साली फ्रान्स आणि इटलीच्या शास्त्रज्ञांनी जवळजवळ पूर्ण वाचलं. सुमारे पन्नास कोटी अक्षरं भरली.

एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाताना या लिखाणाची नक्कल होते. नक्कल बहुतेक बरोबर होते, पण इतक्या अक्षरांत एखादं अक्षर बदलतं. बदललेलं अक्षर मग पुढच्या पिढ्यांत तसंच उतरत जातं. नातं शोधायचं ते या बदललेल्या अक्षरांवरून.

कसं ते मसाल्याच्या वहीवरून पाहू. समजा, एका आजीनं काळ्या मसाल्याची कृती दोन लेकींना सांगितली. थोरलीनं लिहून घेताना "एक तोळा लवंग" ऐवजी "दोन तोळे लवंग" लिहिलं. धाकटीच्या हातून दगडफूल लिहायचं राहून गेलं. दोघींच्या वह्यांवरून त्यांच्या लेकींनी उतरवून घेतलं. त्यांच्याकडून सुनांनी, शेजारणींनी घेतलं. आता पन्नास वर्षांनी तुमच्यासमोर चार जुन्या वह्या ठेवल्या. कुणाची कोणती, माहीत नाही. पहिल्या दोन वह्यांत लवंग दोन तोळे आहे. उरलेल्या दोन वह्यांत दगडफूल नाही. तुम्ही लगेच सांगाल, या दोन थोरलीच्या घरच्या, त्या दोन धाकटीच्या घरच्या. आता पहिल्या दोघींपैकी एकीत खसखसही नाही. म्हणजे तो बदल थोरलीच्या घरात नंतर झालेला. आजी कधीच गेली असली तरी वह्यांवरून तिची वंशावळ मांडता येते.

यात एक अडचण आहे. मूळ कृतीत दगडफूल होतं की नव्हतं, हे कसं कळणार? कदाचित ते थोरलीनंच घातलं असेल. अशा वेळी आपण आजीच्या सख्ख्या बहिणीच्या घरची वही मागवू. तिच्यात दगडफूल असेल, तर ते मुळात होतं, धाकटीकडे राहून गेलं. म्हणजे घराबाहेरची, पण नात्यातली एक वही लागतेच. द्राक्षाच्या कुळाचा अभ्यास करताना ही बाहेरच्या बहिणीची जागा बहुतेक वेळा आपल्या दिंड्याला मिळते.

आणखी एक लक्षात ठेवा. दोन अगदी वेगळ्या घरांतल्या बायकांच्या हातून योगायोगानं दगडफूल राहून जाऊ शकतं. एकाच चुकीवरून नातं जोडलं तर आपण फसू. म्हणून पानोपानी तुलना करावी लागते. जितकी जास्त पानं, तितका निकाल पक्का.

प्रयोगशाळेत काय करतात

शास्त्रज्ञ रानात जातात, वेलीचं कोवळं पान घेतात आणि ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या पिशवीत ठेवतात. नव्या बुटांच्या खोक्यात किंवा औषधाच्या डबीत पांढऱ्या खड्यांची छोटी पुडी असते ना, तसेच खडे. पान लवकर वाळतं, कुजत नाही, आतलं लिखाण टिकतं. त्याच वेलीची फांदी, पान, फूल दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून ठेवतात. कुठे मिळाली, कधी मिळाली, तिथले लोक काय म्हणतात, हे सगळं त्यावर लिहितात. पुढे कुणाला शंका आली तर पुरावा हवा ना!

मग वाळलेलं पान कुटतात. साबणासारखं काम करणाऱ्या रसायनानं पेशी फोडतात, गाळ वेगळा करतात आणि अल्कोहोल घालतात. पांढुरक्या, चिकट धाग्यासारखा डीएनए खाली बसतो. त्यातला हवा तेवढा तुकडा निवडून त्याच्या लाखो नकला यंत्रात करतात आणि अक्षरं वाचतात. शेवटी वेगवेगळ्या वेलींचे तुकडे एकाखाली एक मांडून संगणक बघतो, कुठे सारखं, कुठे वेगळं. त्यातून वंशावळ तयार होते. ती काढतात झाडासारखी. एक बुंधा, त्याच्या फांद्या, फांद्यांना डहाळ्या. एका डहाळीवरच्या दोघी सख्ख्या, लांबच्या फांदीवरच्या चुलत.

यात आणखी एक गंमत आहे, ती बायकांनी तर ऐकायलाच हवी. पानाला हिरवा रंग देणाऱ्या ज्या बारीक पिशव्या असतात, त्यांना हरितलवक म्हणतात. त्यांच्यात त्यांचं स्वतःचं छोटं लिखाण असतं. द्राक्षात ते सुमारे एक लाख एकसष्ट हजार अक्षरांचं आहे. द्राक्षवेलीत हे लिखाण आईकडूनच येतं, बापाकडून नाही. पेशीच्या मधल्या केंद्रातलं मोठं लिखाण मात्र आई-बाप दोघांकडून अर्धं-अर्धं येतं. म्हणजे हरितलवक वाचलं की आजी, पणजी, खापरपणजी अशी आईच्या बाजूची रेघ कळते. केंद्र वाचलं की दोन्ही घरं कळतात. दोन्ही वंशावळी जुळल्या तर ठीक. जुळल्या नाहीत तर समजायचं की मागे कधीतरी दोन वेगळ्या जातींचा संकर झाला असावा.

मग काय कळलं?

सुरुवातीला शास्त्रज्ञ एक-दोन तुकडेच वाचत. त्यात धोका असतो. त्याचं एक विलक्षण उदाहरण आहे. आग्नेय आशियाच्या जंगलात रॅफ्लेशिया नावाची वनस्पती आहे. तिला पान नाही, खोड नाही. द्राक्षाच्याच कुळातल्या टेट्रास्टिग्मा नावाच्या वेलीच्या अंगात ती बांडगुळासारखी राहते आणि फूल तेवढं बाहेर काढते. ते फूल मीटरभर रुंद होऊ शकतं. २००४ साली अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी रॅफ्लेशियाचा एक तुकडा वाचला, तर ती द्राक्षाच्या कुळातली निघाली! दुसरा तुकडा वाचला, तर नातं भलतीकडेच. उलगडा असा झाला की पहिला तुकडा तिनं ज्या वेलीवर ती जगते तिच्याकडून घेतला होता. शेजारणीच्या वहीतलं एक पान आपल्या वहीत चिकटावं तसं. त्या एका पानावर विश्वास ठेवला असता तर सगळी वंशावळ चुकली असती.

म्हणून पुढे अनेक तुकडे वाचायला सुरुवात झाली. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत जुन वेन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी द्राक्षकुळाच्या अभ्यासाला बरीच वर्षं दिली आहेत. २०१३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंद्रातल्या ४१७ जनुकांची तुलना केली. २०१८ साली कुळाचे पाच पोटगट मांडले.

जगात या कुळाच्या साडेनऊशेच्या आसपास जाती आहेत. आपल्या चार ओळखीच्या वनस्पतींचं काय ठरलं, ते सांगते.

रानद्राक्षाचा वंश द्राक्षाच्या अगदी जवळचा निघाला. एका आळीतलंच घर म्हणा ना.

हाडजोड तिच्या सिसस वंशात आहे. ती द्राक्षाची चुलत बहीण, पण वेगळ्या फांदीवरची. याच सिसस वंशात घातलेल्या दक्षिण अमेरिकेतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या काही वेली मात्र डीएनएत तिच्या जवळच्या निघाल्या नाहीत. त्यांतल्या काहींची नावं बदलावी लागली.

आंबटवेलीबरोबर कायरेशिया या नावाखाली ठेवलेल्या वेली एका फांदीवर बसेनात, म्हणून ते घर विभागलं. आंबटवेल कॉसोनिस या वेगळ्या वंशात गेली.

आणि दिंडा? तो या सगळ्यांची बाहेरची बहीण ठरला. बाकीचं सगळं कूळ एका बाजूला, दिंडा दुसऱ्या बाजूला, पण दोघांचा बुंधा एक. आता बहुतेक अभ्यासक त्याला द्राक्षाच्याच कुळात धरतात, काहीजण अजून त्याचं कूळ वेगळं लिहितात. मात्र तो द्राक्षाच्या सगळ्यात जवळचा शेजारी आहे, यावर दोघांचंही एकमत आहे. ताणा नाही, म्हणून नातं तुटलं नाही.

काळ्या दगडातली बी

आता मघाची बी आठवा. दोन खाचा आणि पाठीवर डाग.

वंशावळ कोण कुणाच्या जवळचं हे सांगते, पण किती वर्षांपूर्वी घरं वेगळी झाली, हे कळायला तारीख लागते. ती तारीख दगडात सापडते. ज्या काळ्या दगडाचा आपला पाटा-वरवंटा, तो लाव्हारसाचा दगड. तो लाव्हा एका दिवसात वाहिला नाही. एक थर वाहिला की मध्ये खंड पडे, तळी साचत, झाडं उगवत. मग पुन्हा लाव्हा येई. मध्य भारतात या थरांच्या मधल्या दगडात झाडांचे अवशेष, फळं, बिया दगड होऊन राहिल्या आहेत.

अशाच दगडात द्राक्षाच्या कुळातली फळं आणि बिया सापडल्या. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या. जुन वेन, अमेरिकेतले स्टीव्हन मँचेस्टर आणि भंडाऱ्याचे डी. के. कापगते यांनी २०१३ साली हा शोध मांडला. त्या वेळी माहीत असलेली या कुळाची ती जगातली सगळ्यात जुनी फळं होती. त्यांना नाव दिलं इंडोव्हायटिस चितळेई. हे चितळे नाव शास्त्रज्ञ श्यामला चितळे यांचं. नागपुरात राहून या दगडातल्या झाडांचा अभ्यास केलेल्या आणि पुढे अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या संग्रहालयात काम केलेल्या त्या विदुषी. द्राक्षाच्या एका पूर्वजाच्या नावात आपल्याकडची एक बाई कायमची लिहिली गेली आहे!

इतक्या जुन्या दगडात डीएनए उरत नाही. तिथे बीचा आकारच बोलतो. आजच्या वेलींचा डीएनए आणि दगडातली तारीख, दोन्ही जोडून शास्त्रज्ञ घरं कधी वेगळी झाली त्याचा हिशेब मांडतात.

नातं कळून फायदा काय?

मैत्रिणींनो, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. वंशावळीनं पोट भरतं का? ऐका.

१८६० नंतर फ्रान्समधल्या द्राक्षबागा वाळू लागल्या. १८६८ साली प्लांशों नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं आणि त्याच्या साथीदारांनी मुळं उकरून पाहिली, तर मुळांवर मावा-तुडतुड्यांसारखा रस शोषणारा बारीक कीडा. त्याचं नाव फायलोक्सेरा. तो अमेरिकेतून आला होता. अमेरिकेतल्या रानटी द्राक्षवेली त्याच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या होत्या, त्यांची मुळं त्याला दाद देत नव्हती. मग तोडगा निघाला. खाली अमेरिकन बहिणीचं मूळ, वर युरोपच्या द्राक्षाचं कलम. याच तोडग्यावर युरोपची द्राक्षं वाचली. याच प्लांशोंनं पुढे १८८७ साली द्राक्षकुळाचं मोठं पुस्तक लिहिलं आणि कुळाची नीट मांडणी केली. संकटात मदत कुठल्या नातेवाइकाकडे मागायची, हे कळायला वंशावळ हवीच होती.

आपल्याकडेही तेच आहे. बागेत आधी डॉगरीजचा खुंट लावतात आणि त्यावर पाचर कलम करतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. कलम करायला तुम्ही मजुरीला गेलाही असाल. हा डॉगरीज अमेरिकेतल्या टेक्सासच्या रानातला. पाणी कमी, पाणी खारट, अशा जमिनीत तो तग धरतो, म्हणून आपण त्याचं मूळ घेतलं. कलम जमतं ते जवळच्या नात्यातच.

आता वरच्या वेलीचं पाहा. थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन. नावं चार, पण तास-ए-गणेश, सोनाका आणि माणिक चमन या आपल्या सांगली-सोलापूरच्या बागाईतदारांनी थॉमसनच्या वेलीवर वेगळी दिसलेली काडी निवडून वाढवलेल्या. म्हणजे सगळ्यांचं रक्त एकच. इतकंच काय, तुर्कस्तानातली सुलताना आणि मध्य आशियातली किसमिस हीसुद्धा थॉमसनच, हे डीएनएच्या तपासणीत कळलं. आपल्या राज्यातल्या द्राक्षाच्या मोठ्या क्षेत्रावर ही एकाच वेलीची लेकरं उभी आहेत. रोग एकीला झाला की सगळ्यांनाच होतो. म्हणून केवडा, भुरी आली की फवारणीवर फवारणी. त्या फवारलेल्या बागेत विरळणीला हात कुणाचे असतात? आपलेच.

फवारणी कमी करायची असेल तर रोगाला तोंड देणारं रक्त आणावं लागेल, आणि ते नात्यातूनच येईल. अमेरिकेत मस्कडाइन नावाचं द्राक्ष आहे. आपल्या द्राक्षात गुणसूत्रांच्या १९ जोड्या, मस्कडाइनमध्ये २०. त्यामुळे संकर सहज जमत नाही. पण शास्त्रज्ञ पिढ्यामागून पिढ्या झटले. फ्रान्समध्ये २०१८ साली मान्यता मिळालेल्या काही नव्या वाणांत मस्कडाइनकडून आलेली केवडा-भुरीशी झुंजणारी जनुकं आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं एआरआय-५१६ हा वाण काढला, त्यात डॉ. सुजाता तेताली यांचा मोठा वाटा आहे. अमेरिकन द्राक्षाच्या रक्ताची कटावबा आणि बिनबियांची ब्यूटी सीडलेस यांचा तो संकर. बुरशीच्या रोगांपुढे तो टिकतो आणि रस, जॅम, मनुक्यासाठी चालतो. रोपांतून कोणत्या रोपात हवं ते जनुक उतरलं, हे आता कोवळ्या पानाचा डीएनए तपासून कळू शकतं. फळ धरेपर्यंत वर्षानुवर्षं वाट पाहावी लागत नाही.

एक सावधगिरी

नातं कळलं म्हणजे गुण कळले, असं मात्र समजू नका. द्राक्षाच्या बहिणीचं फळ म्हणून कुठलंही काळं फळ तोंडात घालू नका. शहरात भिंतीवर चढवतात ती व्हर्जिनिया क्रीपर याच कुळातली, तिची फळं खाण्याची नाहीत. हाडजोड कच्ची खाल्ली तर तोंड आणि घसा खाजतो, कारण तिच्यात सुईसारखे बारीक खडे असतात. म्हणून जिथे ती खातात तिथे चिंच घालून शिजवतात. आणि नाव हाडजोड असलं तरी हाड मोडल्यावर आधी दवाखाना, आधी एक्स-रे. वेल बांधून घरी बसू नका.

गटानं करायचं काम

शेवटी आपल्या हातातलं काम. डीएनए यंत्रात वाचता येतो, पण तुमच्या गावात आंबटवेलीला काय म्हणतात, दिंड्याचे कोंब कोणत्या आठवड्यात निघतात, कोणत्या ओढ्याकाठी रानद्राक्ष धरतं, हे कुठल्याही यंत्राला माहीत नाही. ते तुमच्या सासूबाईंना माहीत आहे, तुमच्या आईला माहीत आहे. बांध साफ करताना, डोंगर पेटवताना या वेली जातात आणि सांगणाऱ्या बायका गेल्या की नावंही जातात.

ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. २००२ च्या कायद्यानं ती तयार करायची आहे. पुढच्या बैठकीत ग्रामसेवकांना विचारा, आपल्या गावची नोंदवही कुठे आहे? समितीत बायका कोण आहेत? मग एका पावसाळी दिवशी गटानं शिवार फिरा. पानासमोर ताणा असलेली वेल शोधा. तिचं गावातलं नाव, जागा, महिना आणि उपयोग वहीत लिहा. म्हाताऱ्या बायकांना विचारून लिहा आणि सांगणारीचं नावही लिहा. ती पानं नोंदवहीत जातील असं बघा. बांधावरची एखादी आंबटवेल, ओढ्याकाठचं रानद्राक्ष राहू द्या. आज ती तण वाटेल, पण द्राक्षाला उद्या काय संकट येईल आणि त्या वेळी कोणती बहीण उपयोगी पडेल, हे आज सांगता येत नाही.

तुमच्या गटाला किती वेली सापडल्या, त्यांना तुमच्याकडे काय म्हणतात, ते आम्हाला जरूर कळवा.